थंडीच्या गावाला थंडी घेऊन

गोंदिया

गोंदिया स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या सामानातली सगळ्यात जड वस्तू पूर्ण रिकामी होती. दहा लिटरचा, ॲल्युमिनियमचा, दुहेरी भिंतींचा फ्लास्क. लांबून पाहिलं तर दुधाची बरणीच. हमालानं तो उचलला, हलवून पाहिला आणि संशयानं विचारलं, "दीदी, दूध है क्या?"

"नाही हो, रिकामा आहे."

"खाली है, तो इतना संभाल के काहे को?"

"याच्या दोन भिंतींच्या मधे काहीच नाही. हवासुद्धा नाही. ते 'काहीच नाही' फुटायला नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, फ्लास्ककडे पाहिलं, आणि मग देवाची मूर्ती न्यावी तसा तो दोन्ही हातांनी धरून जिना उतरला. मला तिथेच हसू फुटलं. पुढचे तीन दिवस ते थांबलंच नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. माझा विषय अतिथंड वायू, पण फक्त कागदावरचे. पंचविशीत असताना प्रयोगशाळेत द्रव हेलियम एका भांड्यातून दुसऱ्यात घेताना माझा हात हलला, काचेचं भांडं तडकलं, आणि महिनाभर वाट पाहून मिळालेलं हेलियम दोन मिनिटांत छताला जाऊन मिळालं. कुणी ओरडलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यानंतर मी गणिताकडे वळले. गणितात काही सांडत नाही. वर्गात प्रयोग दाखवायचा झाला की ओतायचं काम प्रयोगशाळा सहायकाकडे, आणि मी खडू घेऊन फळ्यापाशी.

निवृत्त झाल्यावर माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा पटले हिचा फोन आला. ती दवनीवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. "मॅडम, माझ्या पोट्ट्यांना खरी थंडी दाखवायला या ना."

"द्रव नायट्रोजन रेल्वेतून आणू देत नाहीत गं."

"तुम्ही फक्त भांडं आणा. नायट्रोजन इथे मिळते."

धानाच्या शेतांत उणे एकशे शहाण्णव अंशांचा द्रव कुठून मिळणार, हे मला काही केल्या सुचेना. विचारायला लाज वाटली. पस्तीस वर्षं तोच विषय शिकवलेल्या बाईनं विचारायचं तरी कसं?

स्टेशनाबाहेर सकाळची थंडी अशी होती की रिक्षावाल्यानं डोक्याला दोन मफलर गुंडाळले होते. चहाच्या टपरीवर मी हात चोळताना पाहून टपरीवाला खूश झाला. "ठंड लगी ना? विदर्भ में सबसे ठंडा हमारा गोंदिया! रोज पेपर में नाम आता है." त्यात इतका अभिमान होता, जणू थंडी त्यानंच गाळून किटलीत भरली होती. मी थंडी दाखवायला आले आहे, हे त्याला सांगायची हिंमत मला झाली नाही. गरम पोहे खाल्ले, समोरच्या दुकानातून फुग्यांची दोन पाकिटं घेतली, तेवढ्यात सुनंदा गाडी घेऊन आली. कॉलेजात ती फळ्यासमोर बोलायला घाबरायची. इथे ती भर बाजारात गाडी उलटी घेताना एका ट्रकवाल्याला असं काही बोलली की तो ट्रक मुकाट मागे गेला.

बिरसी

दवनीवाड्याला जायचं सोडून सुनंदानं गाडी बिरसीकडे वळवली. "बिसेनभाऊंकडे जाऊ. तुमचं नायट्रोजन त्यांच्याकडे आहे."

"ते काय करतात?"

"गाई भरवतात."

मी "अच्छा" म्हटलं आणि दोन मैल गेल्यावर मला उलगडलं. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवून ठेवतात, आणि त्या कांड्या बुडवून ठेवतात द्रव नायट्रोजनमध्ये! म्हणजे मी आयुष्यभर जी थंडी दूरची, परदेशी, प्रयोगशाळेतली समजत होते, ती इथे मोटारसायकलला बांधून गावोगाव फिरत होती. मी इतक्या जोरात हसले की सुनंदानं गाडी बाजूला घेतली. "मॅडम, बरं आहे ना?"

बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांना शिकवतात. छोटी विमानं उतरल्यासारखं करतात आणि पुन्हा वर जातात. खाली कापलेल्या धानाच्या बांध्यांत बगळे, वर शिकाऊ विमान. दोघांपैकी बगळे जास्त सफाईनं उतरत होते.

बिसेनभाऊ अंगणातच भेटले. पन्नाशीचे, सडपातळ, आणि उजवं मनगट पट्टीत बांधलेलं. "म्हशीनं लाथ मारली जी. तिची चूक नाई, माझे हात थंडे होते." त्यांनी आत नेऊन कंटेनर दाखवला. पस्तीस लिटरचा, मोठ्या हंड्याएवढा. त्याच्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं.

"गोणपाट कशाला?"

"दोन दिवसांपासून घामेजून राहिला. फरशी ओली होते म्हून बांधलं."

मी गोणपाट सोडलं. कंटेनरच्या मानेभोवती पांढरं दव गोठलेलं होतं, बोटानं खरवडता येईल एवढं. थंडीचं भांडं बाहेरून थंड लागता कामा नये. लागलं की समजावं, आतली थंडी पळून चालली आहे. दोन भिंतींमधली पोकळी गेली होती.

"बिसेनभाऊ, नायट्रोजन किती आहे पाहा."

त्यांनी लाकडी पट्टी आत बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. जिथवर ती पांढरी होते, तिथवर नायट्रोजन. पट्टी जेमतेम चार बोटं पांढरी झाली. त्यांचा चेहरा पडला. "परवा तं अर्ध्यावर होतं."

"उद्या सकाळपर्यंत कोरडा होईल."

ते तिथेच खाली बसले. या कंटेनरमध्ये गवळाऊ जातीच्या एका वळूच्याही कांड्या होत्या. तो वळू मागच्या उन्हाळ्यात मेला. त्याच्या वासऱ्या दमदार निघत, उन्हाला टिकत, चार-पाच गावांचे लोक त्याचीच कांडी मागत. आता होत्या तेवढ्याच. "त्या मेल्या तं पुन्हा कोठून आणू जी?"

सुनंदानं फोन सुरू केले. नायट्रोजनची गाडी परवा सालेकश्याला येणार होती. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मडावीताईंकडे धडका कंटेनर होता. म्हणजे दोन दिवस काढायचे होते. बिसेनभाऊंच्या मोटारसायकलवरचा छोटा डबा अर्धाच भरलेला, त्यात सगळ्या कांड्या मावणार नव्हत्या.

मग तिघांचीही नजर एकदमच माझ्या फ्लास्ककडे गेली.

भांडं मिळालं, पण हात कुणाचे? बिसेनभाऊंचं मनगट पट्टीत. सुनंदा म्हणाली, "मॅडम, मी मोजते. तुम्ही उचला." तिला माझ्या हेलियमची गोष्ट माहीत नव्हती. ती गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. मी पदर खोचला, बिसेनभाऊंचे कातडी हातमोजे घातले आणि घरातून सगळं बाहेर अंगणात, मोकळ्या हवेत घेतलं.

आधी छोट्या डब्यातला नायट्रोजन फ्लास्कात ओतला. तो आत खळाळला, धुराचे लोट अंगणभर पसरले, कोंबड्या पळाल्या. उकळी शांत होईपर्यंत थांबलो. कांड्या लांब दांड्याच्या चार डब्यांमध्ये होत्या. डबी वर काढायची आणि पटकन इकडे बुडवायची. बिसेनभाऊंनी बजावलं, "आठ सेकंदांच्या वर जाऊ नका जी. आठानंतर ते जागे होतात आणि मरतात."

पहिली डबी सुनंदाच्या पाचाला आत. दुसरी सहाला. माझे हात चक्क स्थिर होते. तिसरी वर घेतली, आणि तिच्या दांड्याची आकडी कंटेनरच्या काठात अडकली. सुनंदा मोजत होती, "चार, पाच, सहा..." मी ओढलं, सुटेना. "सात, आठ..." बिसेनभाऊंनी डाव्या हातानं आकडी वळवली. "नऊ, दहा..." आणि अकराला डबी नायट्रोजनमध्ये गेली. चौथी चाराला.

मी विचारलं, "तिसरीत कोणत्या होत्या?"

"त्याच, मेलेल्या वळूच्या," बिसेनभाऊ म्हणाले.

वरून एक शिकाऊ विमान घरघरत गेलं. मोठ्या कंटेनरमधला उरलेला नायट्रोजन आम्ही फ्लास्कात ओतून घेतला. लांब दांड्यांमुळे माझं झाकण बसेना, म्हणून बिसेनभाऊंनी थर्माकोलचा तुकडा विळ्यानं कापून बूच केलं आणि काळजीपोटी ते गच्च दाबून बसवलं. तेव्हा मी आत हात धुवायला गेले होते. मी परतल्यावर घरातून चहा आला, पहिला घोट घेतला, आणि 'फटाक्!' बूच उडालं, थेट छपरावर आदळलं, एक कवेलू, म्हणजे कौल, फुटलं आणि कोंबड्या दुसऱ्यांदा पळाल्या. बिसेनभाऊ कपासकट खाटेवरून खाली.

"बूच सैल ठेवायचं!" मी ओरडले. "आतला वायू बाहेर यायला वाट हवी!"

"हव जी, आता पाहून राहिलो ना वाट," ते जमिनीवरूनच म्हणाले. तेच आधी हसले, मग आम्ही सगळे. त्या हसण्यात तिसऱ्या डबीची भीती होती, पण हसण्यावाचून आमच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

दवनीवाडा

फ्लास्क मागच्या सीटवर, सुनंदाच्या ओढणीनं बांधलेला. काचा उघड्या ठेवाव्या लागल्या, कारण बंद गाडीत नायट्रोजन साठला तर श्वासाला हवा उरत नाही. दोघी कुडकुडत दवनीवाड्याला पोचलो.

सुनंदाच्या सासूबाई, यशोदाबाई, दारातच उभ्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी फ्लास्कलाही केला. रात्री जेवायला नवा चिन्नोर तांदूळ, त्याचा वास ओसरीपर्यंत. पोपटाची भाजी वाढते म्हणाल्या तेव्हा मी क्षणभर थिजले. पोपट म्हणजे इकडे वालाच्या शेंगा, हे ताटात पाहिल्यावर कळलं. "तुम्हाला काय वाटलं?" सुनंदानं विचारलं. मी सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर यशोदाबाई तांदूळ निवडत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी एवढी थंडी थंडी करता, तं तिच्यात पाहाले आहे तरी काय?"

मी त्यांच्या सुपातून दोन दाणे घेतले आणि दोन वाट्या मांडल्या. "दोन दाणे दोन वाट्यांत किती तऱ्हांनी ठेवता येतील?"

त्यांनी करून पाहिलं. दोन्ही या वाटीत, दोन्ही त्या वाटीत, हा इकडे तो तिकडे, तो इकडे हा तिकडे. "चार."

"आता समजा, दोन दाण्यांत काही म्हणजे काही फरक नाही. कोणता हा आणि कोणता तो, हे देवालाही सांगता येत नाही. मग?"

त्यांनी दोन्ही दाण्यांची अदलाबदल करून पाहिली. "मंग शेवटच्या दोन एकच झाल्या. तीन."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. माझ्या एम.एस्सी.च्या वर्गाला यासाठी तास लागायचा. शंभर वर्षांपूर्वी ढाक्याच्या एका तरुण शिक्षकानं प्रकाशाच्या कणांची मोजणी अशीच केली. ती चूक वाटावी अशी होती, पण उत्तर बरोबर आलं. मग युरोपातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं तीच मोजणी वायूच्या अणूंना लावली आणि त्याला दिसलं की वायू खूप खूप थंड केला तर अणू आपलं वेगळेपण सोडून सगळेच्या सगळे एकाच अवस्थेत गोळा होतील. ते प्रत्यक्षात पाहायला माणसाला सत्तर वर्षं लागली. चारातल्या दोन तऱ्हांत दाणे एकत्र होते, तीनातही दोन तऱ्हांत एकत्रच. फरक नसला की एकत्र असण्याचं पारडं आपोआप जड होतं.

हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी सूप पाखडलं आणि म्हणाल्या, "मंग त्यात काय? वेगळे नसले तं भांडतीन कायले? एका खोलीत राहतीन."

मी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. सुनंदा म्हणाली, "आई, तुम्ही मॅडमचं आयुष्यभराचं काम एका ओळीत संपवलं." "संपलं तं झोपा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत प्रयोग. पण आता प्रत्येक थेंब कांड्यांचा होता. मी पट्टी बुडवून पाहिली, हिशेब केला आणि ठरवलं की दोन बोटांपेक्षा जास्त काढायचं नाही. बिसेनभाऊ मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून आले होते. फ्लास्कशेजारी ते बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे बसले.

मैदानात शंभरावर मुलं, आणि माझ्यापुढे स्टीलचं एक वाडगं. मी स्वतः ओतलं. धूर वाडग्यावरून घरंगळून मुलांच्या पायांत शिरला आणि जी किंकाळी उठली, ती गोंदियापर्यंत गेली असावी. फुगवलेला तांबडा फुगा वाडग्यावर धरला, तो आक्रसत आक्रसत मुठीएवढा झाला, सुरकुतला. "मेला!" मुलं ओरडली. बाहेर काढला, उन्हात धरला, तो कुरकुरत पुन्हा फुगला. "जित्ता झाला!" झेंडूचं फूल बुडवून टेबलावर आपटलं, त्याचे काचेसारखे तुकडे झाले. शिंगाडा बुडवला, तो दगड झाला. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, याच्यापेक्षाही थंड असते का?"

"असतं. हे तर निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे थंडीच्या तळापासून, सत्त्याहत्तर अंश वर आहे. मी ज्याबद्दल शिकवायचे ते शून्याच्या अगदी उंबऱ्यावर घडतं. तिथे हे नायट्रोजन म्हणजे भट्टी."

"भट्टी!" सगळ्यांना ते फारच आवडलं.

वाडगं कोरडं झालं. "अजून एकदा! अजून एकदा!" मैदान दणाणलं. शंभर तोंडं. बिसेनभाऊ मागून म्हणाले, "टाका जी, थोडंसंक टाका, पोट्टे खूश होतीन." त्यांचा आवाज सांगत होता की त्यांना हे अजिबात नको आहे. माझा हात फ्लास्ककडे गेला. खरं सांगते, जीव फार मोहात पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी ओतत होते आणि लोक ओरडत होते!

मी हात मागे घेतला आणि मुलांना खरं ते सांगितलं. आत कोण झोपलंय, कुठला वळू, उद्या कुठे न्यायचंय. मग तीच मुलगी म्हणाली, "मंग नका टाकू. आमच्या घरची पाटली त्याच वळूची आहे." पाटली हे तिच्या गाईचं नाव. पाठोपाठ सात-आठ हात वर झाले. आमची पण. आमच्या मामाकडची पण. पुण्यात मी 'वीर्य' हा शब्द वर्गात उच्चारला असता तर तीन दिवस खिदळणं चाललं असतं. इथे सहावीच्या मुलींनी मला कांड्यांबद्दल अडचणीचे प्रश्न विचारले आणि मीच लाल झाले.

सालेकसा

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच निघालो. सुनंदा चालवत होती, बिसेनभाऊ मागे फ्लास्कला कवटाळून. वाटेत यशोदाबाईंनी बांधून दिलेले तांदळाच्या पिठाचे आयते गुळाबरोबर खाल्ले. पातळ, जाळीदार, तोंडात विरघळणारे. मी पाच खाल्ले, सहावा बिसेनभाऊंच्या हातातून घेतला.

शेतं सरली, साल-सागाचं जंगल लागलं. मडावीताई दवाखान्याच्या पायरीवर वाट पाहत होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, बोलणं तुकडा पाडणारं. फ्लास्क पाहून म्हणाल्या, "हेच का ते? मले वाटलं मोठं असन." नायट्रोजनची गाडी दुपारनंतर येणार होती. पट्टीवर अजून तीन बोटं होती. "इथे बसून पट्टी बुडवत राहिले तं तीही संपन. चला, कचारगडची गुहा पाहून या. माझं वाटेतच धनेगावात शेळीचं काम आहे, मीही येते."

बिसेनभाऊ फ्लास्कपाशी थांबले, आम्ही तिघी गेलो. वाट दगडांतून चढत जाते. माझे गुडघे वाजत होते आणि मडावीताई सपाटीवर चालावं तशा पुढे. गुहेच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या. आत गेल्यावर मी मान वर केली. एवढी मोठी गुहा मी पाहिली नव्हती. वरच्या भगदाडातून उजेडाचा एक खांब उतरला होता, आणि कुठेतरी पाणी थेंब थेंब पडत होतं. "आमच्या पुरखांची जागा आहे," मडावीताई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. माघात इथे लांबलांबून गोंड लोक येतात, पाय ठेवायला जागा राहत नाही, असं नंतर त्यांनी सांगितलं.

मग हळूच मला विचारलं, "सुनंदा सांगत होती, तुमच्या त्या शून्यावर सगळं थांबते. खरं का?"

"जवळजवळ. पण पूर्ण नाही. अगदी शून्यावरही अणूंत एक थरथर राहतेच. ती काढून घेता येत नाही."

"मंग बरं आहे," त्या म्हणाल्या. का बरं, ते त्यांनी सांगितलं नाही. उतरताना एका दगडावरून माझा पाय घसरला आणि मी दहा हात बसूनच खाली गेले. त्या मागे वळून एवढंच म्हणाल्या, "असं बी उतरता येते."

दवाखान्यात परतलो तेव्हा गाडी येऊन गेली होती, मडावीताईंचा कंटेनर काठोकाठ भरलेला. चारही डब्या मी हलवल्या. सुनंदाला पाचाच्या पुढे मोजावं लागलं नाही. मग तो प्रश्न उरला, जो दोन दिवस कुणी ओठांवर आणला नव्हता.

मडावीताईंनी तिसऱ्या डबीतली एक कांडी काढली आणि कोमट पाण्यात सोडली. अर्धं मिनिट. पुसली, टोक कापलं, एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

त्यांनी चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. बिसेनभाऊंनी पट्टीतला हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला होता. मला काचेचं भांडं तडकल्याचा तो जुना आवाज कानात स्पष्ट ऐकू आला.

"काय जी?" बिसेनभाऊंना राहवेना.

"कायले घाई करून राहिले?" त्या डोळा न काढता म्हणाल्या. मग बाजूला सरकल्या. "मॅडम, पाहा."

मी वाकले. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात हालचाल. एक, दहा, शेकडो. शेपट्या मारत, एकमेकांना धडकत, कुणी सरळ, कुणी गोल गोल, कुणी नुसताच वळवळत. उणे एकशे शहाण्णववरून परत येऊन अर्ध्या मिनिटात प्रत्येकाला स्वतःच्या कामाची घाई! काही निपचित पडलेले होते. पण बाकीचे चालले होते, तुफान चालले होते.

"हलून राहिले!" मी किंचाळले. माझ्या तोंडून ते तसंच निघालं. "बिसेनभाऊ, हलून राहिले!"

बिसेनभाऊंनी पाहिलं, सुनंदानं पाहिलं, पुन्हा मी पाहिलं. बिसेनभाऊ एका पायावर नाचले. सुनंदानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी कपाटावर आदळलो. मडावीताई म्हणाल्या, "कायले रडून राहिल्या मॅडम? एवढ्या आनंदात कोणी रडते का? सरका, बाहेर गाय उभी आहे. उघडलेली कांडी वाया नाई घालवत."

खरंच दाराशी एका म्हाताऱ्यानं तांबडी, शिंगं मागे वळलेली गाय बांधली होती. तिनं आमचा सगळा गोंधळ मान वाकडी करून ऐकला होता. मडावीताईंनी हात धुतले, हातमोजा चढवला आणि दोन मिनिटांत काम उरकलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या बाई कोण?" बिसेनभाऊ म्हणाले, "पुण्याच्या. थंडीवाल्या."

फ्लास्क मी सालेकश्यालाच ठेवून आले. पुण्यात तो माळ्यावर पडून राहिला असता.

गाय गाभण राहिली की नाही हे तपासायला तीनेक महिने लागतात. मी इकडे परत आले, आयते करून पाहिले, तव्याला चिकटले, पुन्हा केले. उन्हाळा लागला. एका रविवारी आमच्या सोसायटीची सभा चालू होती, पाण्याच्या टाकीवरून वाद रंगात आला होता, आणि माझा फोन वाजला. बिसेनभाऊ.

"मॅडम, राहिली जी! आताच तपासली!"

मी खुर्चीवरून उठले. "गाभण आहे?" मी सबंध सभेला ऐकू जाईल असं ओरडले. "नक्की गाभण आहे?"

"हव जी! पक्की!"

टाकीचा विषय जागच्या जागी थांबला. शेवटी अध्यक्षांनी चष्मा सावरत अगदी जपून विचारलं, "काकू, कोण?"

"आमची," मी म्हणाले, आणि पेढे आणायला निघाले.